लूप एक फेरी कमी फिरतो, एक जास्त फिरतो किंवा थांबतच नाही : पायथनमधलं समस्या निवारण

१ ते १० या आकड्यांची बेरीज ५५. प्रोग्राम मात्र ४५ दाखवतो. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. मग कोडमधल्या १० चे ११ करून पाहायचे, उत्तर जुळलं की पुढे जायचं, आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तोच घोळ. लूप म्हणजे त्याच ओळी फेऱ्याफेऱ्यांनी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड, आणि नवशिक्यांच्या लूपमध्ये वारंवार येणारी अडचण हीच. ती एक मिळवून किंवा एक वजा करून दाबता येते, पण दाबलेली चूक दुसरीकडून डोकं वर काढते.

खालच्या कोडमध्ये पायथनचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आकडेसुद्धा इंग्रजी अंकांत. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतात, त्यामुळे ‘बेरीज’ हे नाव तसंच ठेवलं तरी बिघडत नाही.

बेरीज = ०
फॉर अंक इन रेंज(१, १०):
    बेरीज = बेरीज + अंक
प्रिंट(बेरीज)

‘पर्यंत’ या शब्दाचा घोटाळा

मराठीत ‘दहापर्यंत मोज’ म्हटलं की दहा धरूनच मोजायचं असतं. फेऱ्यांचे आकडे पुरवणाऱ्या रेंजमधला दुसरा आकडा मात्र धरायचा नसतो, त्याच्या अलीकडे थांबायचं असतं. रेंज(१, १०) म्हणजे १ ते ९. बेरजेतून नेमके १० गळाले, म्हणून ५५ ऐवजी ४५.

हे लक्षात ठेवायला लॉजचा हिशेब उपयोगी पडतो. ५ तारखेला खोली घेतली आणि १० तारखेला सोडली, तर भाडं किती रात्रींचं? ५, ६, ७, ८, ९ या पाच रात्रींचं. रेंज(५, १०) बरोबर हेच पाच आकडे देतो. दुसरा आकडा म्हणजे खोली सोडण्याची तारीख. त्या रात्रीचा मुक्काम नाही. फेऱ्या किती होतील हेही यातूनच कळतं : दुसऱ्यातून पहिला वजा करा. १० − ५ = ५. आपल्याला १ ते १० अशा दहा फेऱ्या हव्यात, म्हणून खोली ११ तारखेला सोडायची : रेंज(१, ११).

ही पद्धत विचित्र वाटली तरी तिला कारण आहे. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या टिपणात तिची बाजू मांडली होती : पहिली मर्यादा धरायची, दुसरी सोडायची, म्हणजे वजाबाकी थेट मोजणी देते आणि दोन तुकडे एकमेकांना बिनचूक जोडले जातात. रेंज(१, ५) नंतर रेंज(५, १०) लिहिलं तर एकही आकडा दोनदा येत नाही, एकही सुटत नाही.

आता ‘सरळ सगळीकडे एक मिळवायचा’ हा उपाय का घातक ते पाहा. पाच नावांच्या यादीत क्रमांक ० ते ४ असतात. लेन यादीची लांबी देतो, म्हणून रेंज(लेन(नावं)) म्हणजे रेंज(५), म्हणजे ० ते ४. हे आधीच बरोबर आहे. इथे सवयीने लेन(नावं) + १ लिहिलं, की शेवटच्या फेरीत ५ क्रमांकाचं नाव मागितलं जातं आणि ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ ही एरर येते. त्यातल्या त्यात हे बरं, एरर निदान ओरडून सांगते. यादीतली नावं नुसती वाचायची असतील तर क्रमांकांच्या नादी लागूच नका : फॉर नाव इन नावं: एवढं पुरतं, आणि मर्यादेचा प्रश्नच राहत नाही.

उलटं मोजताना अजून एक फसगत होते. रेंज(१०, ०) लिहिलं तर शून्य फेऱ्या, तीही गुपचूप. उतरायचं आहे हे तिसऱ्या आकड्याने सांगावं लागतं : रेंज(१०, ०, −१). हा १० पासून १ वर थांबतो, कारण ० ही सोडण्याची तारीख आहे. शून्यसुद्धा छापायचं असेल तर दुसरा आकडा −१. आणि ०.१ ची पावलं हवीत म्हणून रेंज(०, १, ०.१) लिहिलंत तर टाइप एरर येते, रेंजला पूर्णांकच चालतात.

अंदाजाने दुरुस्त करण्याआधी : कागदावरचा तक्ता

लूप बिघडला की पहिलं काम कीबोर्डवरून हात काढणं. कागदावर रकाने आखा : फेरी कितवी, अंक किती, बेरीज आधी किती, नंतर किती. सगळ्या फेऱ्या लिहायची गरज नाही. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पुरतात, कारण लूपमधल्या बहुतेक चुका दोन टोकांना असतात. वरच्या कोडचा तक्ता असा :

फेरी १ : अंक १, आधी ०, नंतर १
फेरी २ : अंक २, आधी १, नंतर ३
…
फेरी ८ : अंक ८, आधी २८, नंतर ३६
फेरी ९ : अंक ९, आधी ३६, नंतर ४५

दहावी फेरी कुठे गेली, हा प्रश्न आता आपोआप पडतो.

कागदाचा कंटाळा असेल तर लूपच्या आत पहिलीच ओळ प्रिंट('फेरी', अंक, बेरीज) अशी तात्पुरती टाका. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेल्या थॉनी या मोफत एडिटरमध्ये हेच काम दिसतं तसं करता येतं : व्हेरिएबल्सची खिडकी उघडायची, कंट्रोल आणि एफ५ ने डीबग सुरू करायचं आणि एफ६ दाबत एकेक ओळ पुढे जायचं. तरी पहिले काही दिवस कागदच वापरावा. स्क्रीनवर आकडे बदलताना नुसते बघितले जातात. कागदावर ते आपल्यालाच काढावे लागतात, आणि चूक त्या काढण्यातच सापडते.

व्हाइल : ‘होईपर्यंत’ आणि ‘असेपर्यंत’

आपण बोलताना थांबण्याची अट सांगतो : ‘पाणी उकळेपर्यंत गॅस चालू ठेव.’ व्हाइलला चालू राहण्याची अट लागते : ‘पाणी उकळलेलं नसेपर्यंत.’ वाक्य जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं की असं होतं :

तापमान = ३०
व्हाइल तापमान == १००:
    तापमान = तापमान + ५

तापमान ३० आहे, म्हणजे अट पहिल्याच क्षणी खोटी. लूपमध्ये पाऊलही पडत नाही आणि तापमान ३० च राहतं. स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेवरून पायथनकडे आलेली मुलं इथे हमखास अडकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही : स्क्रॅचमधल्या ‘रिपीट अंटिल’ ठोकळ्यात थांबण्याचीच अट घालायची असते. पायथनमध्ये तीच अट उलटी करून लिहावी लागते.

उलटी करताना == (समान आहे) च्या जागी != (समान नाही) ठेवणं पुरेसं वाटतं, आणि वरच्या उदाहरणात ते चालतंही, कारण ३० पासून पाच-पाचने १४ फेऱ्यांत बरोबर १०० येतात. पण पाऊल ५ ऐवजी ८ करून पाहा. ९४ नंतर थेट १०२. शंभर कधी आलेच नाहीत, म्हणून लूप अनंतकाळ चालत राहतो. म्हणून मोजणाऱ्या लूपमध्ये < किंवा <= वापरा. नेमक्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, तो ओलांडला तरी थांबेल अशी अट ठेवा.

दोन अटी असल्या की हीच गोष्ट आणखी फसवी होते. ‘हो किंवा नाही असं उत्तर येईपर्यंत विचारत राहा’ याचं भाषांतर सहसा असं केलं जातं :

व्हाइल उत्तर != 'हो' ऑर उत्तर != 'नाही':

उत्तर ‘हो’ असेल तर ते ‘नाही’ नसतंच, म्हणजे दुसरा भाग खरा. ‘नाही’ असेल तर पहिला भाग खरा. काहीही टाइप केलं तरी सुटका नाही. अट उलटी केली की ऑरचा अँड होतो : उत्तर ‘हो’ नाही आणि ‘नाही’सुद्धा नाही, तोवर विचार. डोकं चक्रावत असेल तर सरळ व्हाइल उत्तर नॉट इन ['हो', 'नाही']: लिहा. वाचायलाही हेच सोपं.

थांबतच नाही

आधी प्रोग्राम थांबवा : टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी, एडिटरमध्ये स्टॉपचं बटण. ‘कीबोर्ड इंटरप्ट’ असं काही दिसेल. ते आपणच थांबवल्याची नोंद आहे, नवी चूक नव्हे. त्या संदेशात ओळीचा क्रमांकही असतो. लूप कुठे फिरत होता ते तिथेच कळतं.

मग व्हाइलच्या अटीत ज्या व्हेरिएबलचं नाव आहे त्याखाली रेघ मारा आणि लूपच्या आत ते नाव कुठे बदलतंय ते शोधा. तीन शक्यता असतात. ते कुठेच बदलत नाही. चुकीच्या दिशेने बदलतं. किंवा बदलतं, पण प्रत्येक वाटेवर नाही. पहिल्या दोन लगेच दिसतात. तिसरी भल्याभल्यांना चकवते.

तिसरीचं जगजाहीर उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचा झून हा म्युझिक प्लेयर. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याची ३० जीबीची मॉडेलं एकाएकी गोठली. घड्याळाच्या कोडमध्ये १९८० पासूनचे दिवस मोजून त्यातून वर्ष काढणारा एक व्हाइल होता. त्याचा सांगाडा असा :

व्हाइल दिवस > ३६५:
    इफ लीप_वर्ष(वर्ष):
        इफ दिवस > ३६६:
            दिवस = दिवस − ३६६
            वर्ष = वर्ष + १
    एल्स:
        दिवस = दिवस − ३६५
        वर्ष = वर्ष + १

२००८ हे लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे, म्हणून लूपमध्ये शिरला. लीप वर्ष आहे, म्हणून पहिल्या वाटेला गेला. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे नाहीत, म्हणून काहीच वजा झालं नाही. पुन्हा वर, पुन्हा तेच. कंपनीचा सल्ला होता की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारी उजाडल्यावर चार्ज करून सुरू करा. आत घेणारी अट ३६५ वर आणि वजा करणारी अट ३६६ वर, या एका दिवसाच्या फटीत यंत्र अडकलं. आपल्या कोडमध्ये इफ असेल तर प्रत्येक फाट्यावर बोट ठेवून विचारा : या वाटेने गेलं तर अटीतलं व्हेरिएबल बदलतं का?

कंटिन्यू (उरलेल्या ओळी सोडून पुढच्या फेरीला जा) वापरल्यावर हीच चूक छोट्या रूपात होते. आय = आय + १ ही ओळ लूपच्या तळाशी असते, कंटिन्यू तिच्या आधीच वर पाठवतो, आणि आय जागच्या जागी. वाढवणारी ओळ कंटिन्यूच्या वर न्या.

बाकी दोन कारणं थोडक्यात. इनपुट() नेहमी मजकूर देतो, संख्या नाही. त्यामुळे व्हाइल उत्तर != ५: असेल तर पाच टाइप करूनही सुटका होत नाही; मजकुरातला '५' आणि संख्या ५ पायथनसाठी वेगळ्या आहेत. इंट(इनपुट()) करा. (गंमत म्हणजे मराठी कीबोर्डवरून टाकलेला ‘५’ हा अंकसुद्धा इंट ओळखतो, प्रोग्रामच्या ओळीत मात्र तो संख्या म्हणून लिहिला की सिंटॅक्स एरर.) दुसरं कारण दशांश अपूर्णांकाचं. शून्यात ०.१ दहा वेळा मिळवले तर पायथनमध्ये १ होत नाहीत, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतात, कारण ०.१ संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. व्हाइल क्ष != १.० म्हणूनच थांबत नाही. फेऱ्या पूर्णांकाने मोजा आणि दहाने भागाकार आत करा.

भागाकारावरून आठवलं : संख्येतल्या अंकांची बेरीज काढण्याच्या उदाहरणात (दर फेरीला १० ने भागून उरलेली बाकी मिळवायची आणि भागाकार घेऊन पुढे जायचं) ३४५ चं उत्तर १२ ऐवजी १३.३३ च्या आसपास येत असेल, तर // (पूर्णांक भागाकार) च्या जागी / पडलं आहे. ३४५ / १० म्हणजे ३४.५, त्याला १० ने भागून उरणारी बाकी ४.५, पुढे ३.४५, ०.३४५… हा लूप शेवटी थांबतो, पण सव्वातीनशेहून थोड्या अधिक फेऱ्यांनी, संख्या इतकी बारीक झाल्यावर की संगणक तिला शून्य समजतो.

फेऱ्या बरोबर, उत्तर चूक

इथे बहुतेक वेळा ओळ योग्य असते, पण ती चुकीच्या पातळीवर असते. पायथनमध्ये ओळ चार जागा आत आहे की बाहेर यावरून ती दर फेरीला चालणार की एकदाच, हे ठरतं. १ ते १० ची बेरीज १० आली तर बेरीज = ० ही ओळ लूपच्या आत गेली आहे : दर फेरीला गल्ला रिकामा होतो आणि शेवटी फक्त शेवटचा आकडा उरतो. एका उत्तराऐवजी दहा ओळी छापल्या गेल्या तर प्रिंट आत राहिला आहे.

फंक्शन तिथेच संपवून उत्तर देणाऱ्या रिटर्नच्या बाबतीत हे अधिक महागात पडतं. संख्या मूळ आहे का हे तपासणाऱ्या फंक्शनला ९ मूळ वाटत असेल तर हे पाहा :

फॉर भाजक इन रेंज(२, संख्या):
    इफ संख्या % भाजक == ०:
        रिटर्न फॉल्स
    एल्स:
        रिटर्न ट्रू

% भागाकाराची बाकी देतं. ९ ला २ ने भाग जात नाही, लगेच एल्स, लगेच ट्रू. ३ ची पाळी येतच नाही. ‘भाग जातो’ हे एका पुराव्याने ठरतं, ‘कोणानेच भाग जात नाही’ हे सगळे तपासल्यावरच. म्हणून एल्स काढून टाका आणि रिटर्न ट्रू लूपच्या बाहेर, फॉरच्या सरळ रेषेत आणा.

सुरुवातीची किंमतही तपासा. गुणाकार ० पासून सुरू केला तर उत्तर कायम ०; तो १ पासून हवा. सर्वांत मोठी संख्या शोधताना ‘मोठी = ०’ धरली आणि यादीत हिवाळ्यातल्या लेहसारखी −८, −१२, −५ अशी तापमानं असली, तर उत्तर ० येतं, जे यादीत नाहीच. यादीतल्या पहिल्या आकड्यापासून सुरुवात करा.

यादीवरून लूप फिरत असताना त्याच यादीतून काढायचं नाही. [१, २, २, ३] मधून सम संख्या काढायला गेलात तर [१, २, ३] उरतात. पहिला २ काढल्यावर दुसरा २ त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो. हवे ते आकडे नव्या यादीत घाला, जुनीला हात लावू नका.

लूपमध्ये लूप

तीन ओळींत चार-चार फुल्या हव्या होत्या, पहिली ओळ बरोबर आली आणि खाली नुसत्या दोन कोऱ्या ओळी :

रांग = १
स्तंभ = १
व्हाइल रांग <= ३:
    व्हाइल स्तंभ <= ४:
        प्रिंट('*', एंड=' ')
        स्तंभ = स्तंभ + १
    प्रिंट()
    रांग = रांग + १

पहिल्या रांगेनंतर स्तंभ ५ झाला आणि तिथेच राहिला. आतला लूप दुसऱ्यांदा सुरूच होत नाही. स्तंभ = १ ही ओळ बाहेरच्या लूपच्या आत, आतल्या लूपच्या लगेच वर हवी. बेरजेच्या चुकीची ही बरोबर उलटी बाजू : तिथे मूळ किंमत पुन्हा द्यायची नव्हती, इथे दर रांगेला द्यायची आहे. फॉर आणि रेंज वापरले तर हे काम पायथन स्वतः करतं, म्हणून नक्षीच्या उदाहरणांत व्हाइलचा हट्ट धरू नये. ब्रेक फक्त ज्या लूपमध्ये लिहिला आहे तेवढाच तोडतो, बाहेरचा चालूच राहतो. दोन्ही तोडायचे तर फंक्शन करून रिटर्न वापरणं सर्वांत स्वच्छ.

सी शिकणाऱ्यांसाठी

वरचं जवळजवळ सगळं सी भाषेलाही लागू आहे, शिवाय तिचा स्वतःचा एक सापळा : फॉरच्या कंसानंतर चुकून पडलेला अर्धविराम. मग तो अर्धविराम हाच लूपचा पूर्ण देह ठरतो, फेऱ्या रिकाम्या होतात आणि महिरपी कंसातला मजकूर एकदाच चालतो. व्हाइलनंतर पडला तर बहुधा प्रोग्राम लटकतो. कंपायलर एरर देत नाही, कारण रिकामं विधान कायदेशीर आहे. वॉर्निंग चालू ठेवल्या तर कधीकधी इशारा मिळतो. बेरीज अगडबंब किंवा दर वेळी वेगळी येत असेल तर सुरुवातीला शून्य द्यायचं राहिलं आहे. आणि आय आधीच बाहेर जाहीर करून १ ते १० चा लूप चालवलात, तर संपल्यावर सीमध्ये आयची किंमत ११ असते, पायथनमध्ये १०. एका भाषेतून दुसरीत कोड नेताना लूपनंतर आय वापरला असेल तर तिथे एकाचा फरक पडतो.